इदालमिसची माती

इदालमिसची पीएचडी तीन विद्यापीठांची मिळून आहे हे मी तिच्या आईला, एनेइदाकाकूंना, निदान दहादा समजावलं असेल. त्यांना ते अजून पटलेलं नाही. "पदवी एक, मग शाळा तीन कशाला? एकीत नीट शिकवत नाहीत का?" असं त्या विचारायच्या. खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. एका नवरीला तीन सासरं असावीत, तशी ती पदवी होती. हवानापासून दूर, आमच्या सान हासिंतोच्या विद्यापीठातला मार्गदर्शक बांधकामाचा, मेक्सिकोतल्या बाई रसायनाच्या आणि ब्राझीलमधले प्रोफेसर वाल्देमीर भूगर्भाचे. बांधकामवाल्याला माती माहीत ती बुटाला लागते तेवढीच. रसायनवालीने आयुष्यात विटेवर वीट ठेवलेली नाही. आणि भूगर्भवाल्यांना दहा लाख वर्षांच्या अलीकडचं काही सांगितलं की जांभया येतात. या तिघांनी एकाच प्रबंधावर सही करायची, आणि प्रत्येकाच्या दारात वर्षभर राहिल्याशिवाय सही नाही, हा नियम.

मी नीदिया. इदालमिसबरोबर त्याच प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढली. तिच्या मुलीच्या, आनेलिसच्या, बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी राहिले. त्यामुळे या घराबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि नसता तरी मी बोललेच असते.

इदालमिस दिसायला साधी. रुंद हाडाची, केस कायम रबराने आवळलेले, नखांत लाल माती. चालताना पुढे वाकून चालायची, वाऱ्याविरुद्ध निघाल्यासारखी. तिचा एकच ध्यास होता. आमच्या टेकड्यांत जी हलकी चिकणमाती मिळते, जिला कुंभारसुद्धा नाक मुरडतात, ती योग्य आचेवर भाजून सिमेंटमध्ये मिसळली तर सिमेंट निम्म्याने कमी लागतं. आमच्याकडे वादळ दर दोनचार वर्षांनी छपरं घेऊन जातं आणि सिमेंटच्या एका पोत्यासाठी माणसं सहा महिने थांबतात. तिच्या काकांनी अर्ध्या भिंतीच्या घरात म्हातारपण काढलं आणि तिथेच डोळे मिटले. त्याबद्दल ती बोलायची नाही, पण हातातली माती सोडायचीही नाही. मी चिडवायचे, "नवऱ्यापेक्षा मातीशी जास्त संसार केलास बाई." ती म्हणायची, "माती निदान भाजली तर उपयोगी पडते."

नवरा म्हणजे ओस्मानी. माणूस वाईट नव्हता, पण एका जागी टिकणारा नव्हता. त्याचे आजोबा स्पेनमधल्या गालिसियाहून आलेले, तेवढ्या धाग्यावर त्याला तिकडचे नागरिकत्वाचे कागद मिळाले आणि तो विगोला जाऊन एका बंदरावर कामाला लागला. लग्न त्याआधीच मोडलं होतं. जाताना त्याने एकच गोष्ट ठासून सांगितली होती, "पोरगी पंधराची झाली की मी तिला तिकडे नेणार." इदालमिस म्हणाली, "ते मी घरी असताना बोलू. माझ्या पाठीमागे नाही." तोही कबूल झाला.

मेक्सिकोचं वर्ष त्यामानाने सुखाचं गेलं. आमच्या भट्टीत भाजलेली माती ती पिशव्या भरभरून घेऊन गेली, तिकडे सिमेंटमध्ये मिसळून ठोकळे पाडले, आणि ठोकळे असे काही निघाले की त्या रसायनवाल्या बाईंनी स्वतः फोन करून आमचं अभिनंदन केलं. आनेलिस तेव्हा अकरा वर्षांची होती. रोज संध्याकाळी ओसरीतल्या झुलत्या खुर्चीत बसून आईशी फोनवर गप्पा. गृहपाठ, मैत्रिणींची भांडणं, आजीने भातात घातलेले जास्तीचे काळे घेवडे, सगळं सांगायची. "आई, तिकडचा भात कसा असतो गं?" "तिखट." "आणि माणसं?" "ती गोड आहेत. उलटं झालंय बघ." दोघी खिदळायच्या. काकू आतून ओरडायच्या, "अगं पोरीला आई हवी असते, फोन नाही!" हे वाक्य त्यांनी पुढे इतक्यांदा म्हटलं की शेजाऱ्यांनाही पाठ झालं.

मेक्सिकोहून परतल्यावर दीडेक वर्ष ती घरी राहिली. मग ब्राझील. निघताना तिने आनेलिसला जवळ घेऊन शब्द दिला, "तुझ्या पंधराव्याला मी इथे असणार." आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाआधीचं लग्नच. झगा, केक, चौदा जोड्या, मधोमध मुलगी, आणि तो वाल्ट्झचा नाच. आई मुलीला तयार करते. दुसऱ्या कुणी केस विंचरले तर ते केस विंचरणंच म्हणायचं, पंधरावं नाही.

ब्राझीलमध्ये घोडं अडलं.

तिथे नियम असा की माती कच्ची आणायची आणि त्यांच्याच भट्टीत, त्यांच्या डोळ्यांसमोर भाजायची. इदालमिसने आपणच सांगितलेली रीत तंतोतंत पाळली. आच तीच, वेळ तीच, तीन तास. आणि ठोकळे बिस्किटासारखे फुटले. पुन्हा केले, पुन्हा फुटले. माती दुसऱ्या टेकडीची मागवली. तेच. भट्टीचा काटा तपासून घेतला. तो बरोबर होता. प्रोफेसर वाल्देमीर सज्जन माणूस, एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "नीदिया, ते माझ्याकडे अशा मायेने बघतात ना, की वाटतं मी खोटी आहे हे त्यांना कळलंय आणि ते मला सांभाळून घेतायत." फोनवर तिचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी खोलीत एकटीने बटाटे उकडून खाणं, आणि आनेलिसचे फोनही तुटक होत चाललेले. चौदाव्या वर्षी मुलीला आईला सांगण्यासारखं काही उरत नाही. समोर असती तर निदान तिच्या फुगलेल्या तोंडावरून कळलं असतं.

एका दुपारी ती मला फोनवर हेच सगळं सांगत होती. मी प्रयोगशाळेत होते आणि आमची एक विद्यार्थिनी भट्टीशी खटपट करत होती. बोलता बोलता मी त्या पोरीला ओरडून म्हटलं, "अगं, तीन तासांवर लाव! तीन लावलेस तर एक तरी पदरात पडेल!"

पलीकडे इदालमिसने आपलं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

"नीदिया," ती म्हणाली, "आत्ता काय म्हणालीस?"

"तुला नाही गं, पोरीला म्हणाले."

"तेच विचारतेय. काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे लाईट जाते. यात सांगण्यासारखं काही नाही, पाऊस ओला असतो हे कुणी सांगतं का? सकाळी भट्टी लावायची, ती तापेतापेपर्यंत निम्मी सकाळ जाते, आणि आमच्या भागाची लाईट ठरल्यासारखी जेवणाच्या आधी जाते. म्हणून आम्ही सगळेच वेळ लांबलचक लावायचो. हाती येईल तेवढी आच घ्यायची आणि दार न उघडता भट्टी आपोआप निवू द्यायची. माती खरी भाजली जायची ती जेमतेम पाऊण तास, आणि मग हळूहळू थंड व्हायची. पण विचारलं तर आम्ही सांगायचो काय? तीन तास. कारण लावले होते तीन. लाईट गेली हे कुणी लिहीत नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत लाईट गेली तर ती बातमी होते. आमच्याकडे ती न जाणं ही बातमी. ब्राझीलच्या भट्टीने आमचं ऐकलं आणि बिचारीने खरोखर तीन तास भाजलं. माती जळून मेली.

इदालमिस आधी हसली, मोठ्याने, वेड्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे माती खरी आहे. मी खोटी नाही."

आता इथे मला राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही. कारण यातून सुटायची वाट होती. प्रोफेसर वाल्देमीरनीच ती दाखवली. पाऊण तास भाजून थोडे ठोकळे पाडावेत, थोड्याच आठवड्यांत मिळणारे मजबुतीचे आकडे द्यावेत, आणि आधीची वेळ ही प्राथमिक होती असं एका ओळीत उरकावं. तिघांनी सह्या केल्या असत्या. ती पंधराव्याच्या आधी महिनाभर घरी पोचली असती. ते खोटंही नव्हतं, फक्त अर्धं होतं. मी तिला म्हटलं, "अगं, लिही आणि ये. जगात कुणाचं काही बिघडत नाही."

"बिघडतं," ती म्हणाली. "आपल्याकडे तो ठोकळ्यांचा कारखाना उभा राहतोय ना, त्यांची भट्टी तेलावर आहे. ती नाही बंद पडायची मधेच. तीन तासांवर बांधलीय, माझ्या शब्दावर. त्या मेलेल्या मातीची घरं बांधतील ते, वादळात गेलेल्यांसाठी. आधी त्यांना थांबवायला हवं. आणि नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही, बरोबर काय तेही दाखवावं लागेल. पहिल्यापासून. सगळे ठोकळे."

खरी मजबुती कळायला ठोकळे पाण्यात ठेवावे लागतात. महिनोन्महिने. त्यांना घाई करता येत नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणजे आणखी एक वर्ष.

"आणि आनेलिस?" मी विचारलं.

"तिला मी सांगते."

"काय सांगणार? की सत्यासाठी थांबले? सत्याला पोर आहे का? तुला आहे!"

मी रागाने फोन ठेवला आणि दोन आठवडे केला नाही. कारखान्याला तिने त्याच दिवशी कळवलं. तिथल्या इंजिनिअरने आधी शिव्या घातल्या आणि मग भट्टीचं काम थांबवलं.

पंधरावं झालं. झगा निळा होता, भाड्याचा, कमरेत मी टाके घालून दिला. केस विंचरले काकूंनी. आनेलिस आरशात बघत ताठ बसली होती. केकशेजारी फोन टेकवून ठेवला होता, त्यात इदालमिस. वाल्ट्झ सुरू झालं, पोरगी इतकी सुंदर नाचली की गल्लीतल्या टवाळ पोरांनीसुद्धा शिट्ट्या मारल्या नाहीत. नाच संपला. ती केकजवळ आली, फोनकडे एकदा बघितलं आणि तो टेबलावर पालथा घातला. नंतर मी तो उचलला तेव्हा इदालमिस तिथेच होती. तिने विचारलं, "संपलं का गं? मला मधूनच दिसेनासं झालं." मी म्हटलं, "हो, नेटवर्क गेलं." खोटं बोलायला मला तिच्याइतका त्रास होत नाही.

दोनेक महिन्यांनी ओस्मानीचे कागद आले. मुलगी अज्ञान, म्हणून आईची संमती लागणार. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला, इदालमिस कधीच सही करणार नाही. संध्याकाळी फोन लागला तेव्हा मी ओसरीतच होते. आनेलिसने कागदांचं सांगितलं. इदालमिस म्हणाली, "राणी, मी येईपर्यंत थांब. मग बसून बोलू. थोडेच महिने राहिलेत."

आनेलिस शांतपणे म्हणाली, "आई, तू जाताना मला विचारलं होतंस का? मी तरी विचारतेय."

मी काकूंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झालेले पुन्हा निवडत राहिल्या.

इदालमिस बसने साव पावलोला गेली आणि आमच्या वकिलातीत सही करून आली. मला नंतर म्हणाली, "सही करताना वाटत होतं, ही बाई मला विचारेल की नक्की ना? तिने विचारलंच नाही. शिक्का मारला आणि म्हणाली, पुढचा."

प्रबंध मंजूर झाला. तिन्ही सह्या झाल्या, आणि वाल्देमीर म्हणे डोळे पुसत होते. आमचे लोक ब्राझीलहून येतात ते पनामात विमान बदलून. ओस्मानीने मुलीचं तिकीट काढलं तेही पनामावरून माद्रिद, ते स्वस्त पडतं. इदालमिसने आपली तारीख पुढेमागे करून दोघींचं पनामात एकाच दिवशी जुळवलं. माझ्या पोरीला निरोप द्यायला मला परक्या विमानतळावर जागा मिळाली, असं ती म्हणाली. हवानाला तिला आणायला मी गेले होते, आणि परतीच्या वाटेवर गाडीत तिने मला ते सगळं सांगितलं. मी मधे एकदाही बोलले नाही, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटणार नाही.

"मी तिच्या शेजारून पुढे गेले, नीदिया. माझ्याच पोरीच्या. उंच टाचांचे बूट, केस सरळ केलेले. तीच मागून म्हणाली, आई. आवाजसुद्धा बदललाय. मिठी मारली तर माझं डोकं तिच्या गालाशी आलं. आम्ही दोघींनी मिळून एक सँडविच घेतलं आणि तिने मला मोठा तुकडा दिला, जशी मी तिला द्यायचे. मला इतकं बोलायचं होतं. थंडीत काय घाल, बापाशी भांडण झालं तर कुणाला फोन कर, मुलांपासून सांभाळ. आणि मी काय बोलत बसले? माती. मला दुसरं काही येतच नाही. ती ऐकत होती, कंटाळली नाही. मग तिने विचारलं, 'शेवटी किती वेळ भाजायची गं ती?' मी म्हटलं, 'पाऊण तास.' ती म्हणाली, 'एवढंच?'"

इदालमिस खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्हीकडे उसाची ओसाड शेतं होती.

"ती वाईट मनाने नाही म्हणाली. हसली. मीही हसले. मग मला रडू फुटलं आणि तिने माझा चेहरा पुसला, स्वतःच्या बाहीने. म्हणाली, 'आई, लोकांची घरं उभी राहतील ना?' मी म्हटलं, 'राहतील.' मग तिच्या विमानाची हाक आली. मी अजून तिच्या केसांना हातही लावला नव्हता."

मग म्हणाली, "मी एवढी वर्षं घरी जायचं म्हणून दिवस काढले. घर म्हणजे ती. आता घरी कशाला जायचं, सांग."

गाडी आमच्या गल्लीत शिरली. शेजारपाजारचे लोक जमले होते, कुणी 'डॉक्टर आल्या, डॉक्टर आल्या' म्हणून टाळ्या वाजवत होतं. इदालमिस सगळ्यांना हसून भेटली. पण मला तिची ती पुढे वाकलेली चाल दिसत होती, आणि आता समोर वाराही नव्हता.

एनेइदाकाकू बाहेर आल्या नाहीत. आम्ही आत गेलो तर त्या स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. या सगळ्या काळात त्या इतक्या लहान झाल्या होत्या हे मला तेव्हाच दिसलं. मी रोज त्यांच्याकडे जायचे, म्हणून मला दिसलं नव्हतं. इदालमिस थबकली.

"आई," ती म्हणाली, "पोरगी गेली. मी तिला अडवू शकले नाही. तू सांगत होतीस ना, पोरीला आई हवी असते. मी ऐकलं नाही."

काकू म्हणाल्या, "सगळ्यांना वाटायचं मी ते आनेलिससाठी बोलते. मलाही तसंच बोलायला बरं पडायचं. मला माझी पोर हवी होती गं. पण या वयात ते कुणाला सांगायचं? लोक हसले असते. म्हणून मी नातीचं नाव घ्यायचे."

इदालमिसने बॅग खाली ठेवली. काकूंनी तिच्या केसांचं रबर काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या बोटांनी तिचे केस मोकळे करायला लागल्या. ती मान खाली घालून उभी होती, आणि काकू म्हणत होत्या, "किती गुंता केलास. कुणी विंचरलेच नाहीत का तिकडे?"

मी गॅसवर कॉफी चढवली, दोन कप बाहेर काढून ठेवले आणि घरी आले.